रात्रभर भिजवूनही सूपमधले दाणे कडकच! कुठे अडतंय?

मंद_आच
नमस्कार मंडळी. मिश्र कडधान्यांचं सूप करायला घेतलं होतं. राजमा, काबुली चणे आणि वाळलेले हिरवे वाटाणे रात्रभर भिजवले, सकाळी उपसले. मोठ्या पातेल्यात कांदा, लसूण, गाजर परतलं, टोमॅटो घातले, त्यावर दाणे आणि पाणी, झाकण, मंद आच. रस्सा झकास जमला. गाजर इतकं शिजलं की दिसेनासं झालं. आणि दाणे? चावले की कचकन आवाज. काहींची सालं सुटून वर तरंगतायत, आत मात्र कच्चट. आणखी शिजू दिलं, ढिम्म फरक नाही.

'कुकरला लाव' हे मला माहीत आहे. पण कुकरमध्ये निम्मे दाणे फुटतात आणि रस्सा गढूळ होतो. मला दाणा अख्खा हवा, बोटचेपा हवा आणि रस्सा पातळसर हवा. हा हट्ट पुरा होण्यासारखा आहे का?

टपोर_दाणा
सूप गाळून प्या, दाणे गलोलीला ठेवा. :)

(रुमाल टाकून ठेवतो, मलाही उत्तर हवंय.)

शंभरदा_विचार
मंद_आच, आधी थोडी उलटतपासणी. भिजलेला दाणा सुरीने मधोमध कापून बघितलात का? आत कोरडा पांढरा ठिपका होता की सगळीकडे सारखा ओलेपणा? तिन्ही कडधान्यं सारखीच चिवट राहिली की एखादंच? पाणी कसं आहे, म्हणजे किटलीला आतून पांढरा थर धरतो का? आणि कडधान्य किती जुनं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सहसा कुणालाच देता येत नाही, तरी विचारते.

मंद_आच
भिजवलेले मूठभर शिल्लक होते, आत्ताच कापले. वाटाणे आणि चणे आतपर्यंत ओले आहेत. राजमाही बराचसा ओला, पण त्यात काही दाणे भिजलेच नाहीत. लहान, चकचकीत, कोरड्यासारखेच. किटलीला थर धरतो, चांगला जाड. सूपमध्ये वाटाणे त्यातल्या त्यात बरे होते, राजमा सगळ्यात वाईट. वय माहीत नाही. डब्यात आधीचा राजमा होता, त्यावरच नवा पुडा ओतला होता.

कुकरवाली
अहो, इतकी चिरफाड कशाला? कुकर लावा, मोकळ्या व्हा. पाणी उकळून उकळून १०० अंशांच्या वर जात नाही, कुकरमध्ये ते साधारण १२० अंशांपर्यंत चढतं. वीस अंशांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. १६७९ साली डेनी पापँ या फ्रेंच माणसाने बंद भांड्यात वाफ कोंडून हाडंसुद्धा मऊ करून दाखवली होती. तुमचा राजमा काय हाडांपेक्षा कडक आहे?

अणुरेणू
कुकरवाली, पापँचं बरोबर, पण चिरफाड लागणारच. इथे एकाच पातेल्यात दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांचं औषध एक नाही.

पहिला आजार म्हणजे ते चकचकीत दाणे, आपले गणंग. त्यांच्या सालीतून पाणी आतच जात नाही. धान्य फार कोरड्या हवेत, फार खडखडीत वाळलं की असे दाणे वाढतात. आतला गर बऱ्याचदा चांगला असतो. साल कुठे ओरखडली किंवा गरम पाण्याने सैल झाली की तो निमूटपणे भिजतो आणि शिजतोही. म्हणून गणंग जास्त निघत असतील तर थंड पाण्यात रात्रभर ठेवण्याऐवजी दाणे पाण्यात घालून उकळी आणा, दोन मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करून झाकण ठेवा आणि तासभर त्याकडे बघू नका. एवढं करून जे फुगणार नाहीत ते वेचून फेका. दाताच्या डॉक्टरपेक्षा स्वस्त पडतं.

दुसरा आजार जास्त खट्याळ. दाणा टचटचीत फुगतो, कापल्यावर आतून ओला दिसतो, तरी शिजत नाही. दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिनने धरून ठेवलेल्या असतात, भिंतीतल्या विटांना सिमेंटने धरावं तशा. दाणा शिजला असं आपण म्हणतो तेव्हा हे पेक्टिन विरघळून पेशी सुट्या झालेल्या असतात. पण पेक्टिनला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम भेटलं की ते घट्ट बांधलं जातं आणि विरघळायला तयार होत नाही. हे कॅल्शियम दोन वाटांनी येतं. एक तुमच्या किटलीवर दिसतेच आहे, जड पाणी. दुसरी वाट दाण्याच्या आतूनच. कडधान्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते हे धातू स्वतःशी धरून बसलेलं असतं. डबा गरम आणि दमट जागी महिनोन्महिने राहिला की दाण्यातलंच एक एन्झाइम फायटेट फोडत राहतं. धातू मोकळे होतात आणि थेट पेक्टिनला जाऊन चिकटतात. हा बदल परतवता येत नाही. असा दाणा कितीही वेळ भिजवा, तो फक्त ओला होतो.

यावर तुमचे टोमॅटो. आंबटात पेक्टिन विरघळण्याचा वेग फार मंदावतो. दाणे अर्धकच्चे असताना आंबट पडलं की ते बराच काळ तिथेच थांबतात. डब्यातल्या टोमॅटोच्या फोडी असतील तर डब्यावरची घटकांची यादी वाचा. फोडी मोडू नयेत म्हणून त्यात बऱ्याचदा कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं. म्हणजे आंबट आणि कॅल्शियम, दोन्ही एकदम.

मंद_आच
अणुरेणू, डब्यातलेच होते. यादी बघितली. आहे.

टपोर_दाणा
बरं झालं गाजरात कॅल्शियम क्लोराइड नव्हतं, नाहीतर तेही उरलं असतं.

पिकलं_पान
इतकं रसायनशास्त्र नको. आम्ही वर्षानुवर्षं चिमूटभर खायचा सोडा घालतो, दाणे लोण्यासारखे होतात. आणि मीठ शेवटी. मीठ आधी घातलं की दाणा कधीच शिजत नाही, हे घराघरात माहीत आहे.

अणुरेणू
काका, सोड्याबद्दल बिनशर्त मान्य. आंबट जे करतं त्याच्या उलट सोडा करतो, पेक्टिन झपाट्याने सुटतं. फक्त चिमूट कोणाची हा प्रश्न असतो. लिटरभर पाण्याला पाव छोटा चमचा पुरे. त्यापुढे साबणासारखी चव लागते, साल निसटते, दाण्याचं पीठ होतं आणि बी-१ जीवनसत्त्वही जास्त जातं. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात सोडा नको, भांडं काळवंडतं. रस्सा पातळसर आणि दाणा अख्खा हवा असेल तर मी सोडा भिजवण्याच्या पाण्यात घालून ते पाणी टाकून देईन. शिजवताना घालणं अगदी हट्टी मालासाठी राखून ठेवावं.

मिठाचं मात्र पटत नाही. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं, त्यामुळे साल मऊ पडते आणि कमी फाटते. लिटरला १५ ग्रॅम, म्हणजे सपाट मोठा चमचाभर मीठ भिजवण्याच्या पाण्यात घाला, सकाळी ते पाणी ओतून दाणे खळखळून धुवा. मंद_आचला हवा तो अख्खा दाणा यातूनच मिळतो.

पिकलं_पान
आमच्याकडे तर मीठ आधी पडलं की हमखास कडक राहतात. अनुभव खोटा कसा म्हणायचा?

शंभरदा_विचार
अनुभव खोटा नसेल काका, पण त्या पातेल्यात मिठाबरोबर आणखी काय काय पडतं? बहुतेक घरांत मीठ आणि आंबट एकाच वेळी जातं. दाणे अडतात आंबटाने, आळ येतो मिठावर. एकदा नुसतं मीठ घालून बघा ना. साखर आणि गुळाचंही तेच, गोडाने दाणे मऊ व्हायला वेळ लागतो. तेही शेवटीच.

पिकलं_पान
बघतो. पटलं असं म्हणत नाहीये.

उंच_माझा_मजला
एक मुद्दा राहिला. समुद्रसपाटीपासून उंचावर राहणाऱ्यांनी आपल्या राजम्याला शिव्या देण्याआधी उंची बघावी. दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश लवकर उकळतं. १५०० मीटरवर उकळी ९५ अंशांच्या आसपास, ३००० मीटरवर ९० च्या. पातेल्यात बुडबुडे तेवढेच, आवाज तेवढाच, दाण्याला मिळणारी उष्णता कमी. तिथे कुकरशिवाय राजमा करणं हा छंद आहे, स्वयंपाक नाही.

कुकरवाली
धन्यवाद! शेवटी कुणीतरी माझ्या बाजूचं.

आणि मंद_आच, कुकरमध्ये दाणे फुटतात ते बहुतेकदा दाब झटक्यात सोडल्यामुळे. बाहेरचा दाब एकदम उतरला की आतलं पाणी दाण्यातच उकळतं आणि साल फाडून बाहेर येतं. शिट्टी उचलून वाफ काढू नका, कुकर आपोआप उतरू द्या. शिट्ट्या मोजण्यापेक्षा दाब चढल्यावर आच बारीक करून मिनिटं मोजा, कारण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या स्वभावाची. कडधान्याला कुकर निम्म्याच्या वर भरू नका. फेस वर चढून शिट्टीच्या भोकात अडकतो, तो खरोखरचा धोका आहे. चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो. यात फक्त दाणे, पाणी, मीठ. भाज्या-टोमॅटो बाहेर पातेल्यात. मग दोन्ही एकत्र करून जरा उकळलं की कुकर लावला होता हे कुणाला कळणारही नाही.

मंद_आच
आपोआप उतरू देण्याचं लक्षात ठेवते. तरी एकदा पातेल्यातच करून बघायचं आहे. आच किती ठेवू? मी सुरुवातीपासून अगदी बारीक ठेवत होते, म्हणजे फुटणार नाहीत.

अणुरेणू
सुरुवातीला आयडीला जागू नका. :) साधारण ५५ ते ६५ अंशांच्या टप्प्यात दाण्यातलं आणखी एक एन्झाइम जोरात असतं. ते पेक्टिनमध्ये असा बदल करतं की त्याला कॅल्शियम आणखी सहज चिकटतं. मोठं पातेलं, थंड पाणी, बारीक आच असं असेल तर दाणे त्या टप्प्यात बराच वेळ रेंगाळतात आणि स्वतःच स्वतःला घट्ट करून घेतात. आधणाच्या पाण्यात दाणे सोडा, मोठ्या आचेवर लवकर उकळी आणा, दहा-पंधरा मिनिटं खळखळू द्या. मग आच उतरवा, इतकी की पृष्ठभाग जेमतेम हलत राहील. ढवळायचंच झालं तर उलथन्याने नको, भांडं धरून हलवा. मध्ये पाणी वाढवायचं असेल तर उकळतंच घाला.

रात्रपाळी
हे वाचून सुचलं. माझ्याकडे विजेवरचा मंद शिजवणारा स्लो कुकर आहे. रात्री राजमा, भाज्या, पाणी सगळं घालून लावून झोपलं तर सकाळी सूप तयार. एन्झाइमचं सोडा, आठ-नऊ तासांत शिजेलच की?

शंभरदा_विचार
रात्रपाळी, थांबा! राजम्याचं असं करू नका.

कच्च्या राजम्यात, त्यातही लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन भरपूर असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा त्रासाला पुरतात. एक ते तीन तासांत जोरदार मळमळ, उलट्या, मागून जुलाब. खळखळून उकळल्यावर ते नष्ट होतं, पण स्लो कुकर बऱ्याचदा ८० अंशांच्या आसपासच घुटमळतो. तेवढ्या उष्णतेत दाणा मऊ होऊ शकतो आणि विष मात्र शाबूत राहतं, कच्च्यापेक्षा वाढलेलंही आढळलं आहे. म्हणजे मऊ लागला म्हणून सुरक्षित, असं समजू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे की किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात ३० मिनिटं उकळा. त्यानंतर स्लो कुकरमध्ये घाला नाहीतर थर्मासमध्ये, काळजी नाही. कुकरमध्ये दाबाखाली शिजवलेल्या राजम्यालाही हा धोका नाही, आणि डब्यातला तयार राजमा आधीच शिजलेला असतो.

मंद_आच, तुमच्या त्या कचकचीत सूपचं काय केलंत? खळखळून उकळलं नव्हतं ना?

मंद_आच
बापरे. रस्सा वाटीभर प्यायले होते, दाणे बाजूला काढून. मला काही झालं नाही. उरलेलं तसंच फ्रीजमध्ये आहे, पुन्हा मोठ्या आचेवर अर्धा तास खळखळवते आणि मगच पुढचं बघते.

रात्रपाळी
हे कुठल्याही पाककृतीत ठळक का नसतं? आभार. वाटाणे आणि मसूर?

शंभरदा_विचार
त्यांच्यात हे प्रथिन राजम्याच्या मानाने अगदी कमी. त्यांचं एवढं मनावर घेऊ नका, नेहमीसारखे पूर्ण शिजवा म्हणजे झालं. मसूर आणि सोललेल्या डाळींना तर भिजवण्याचीही सक्ती नाही.

मंद_आच
वृत्तान्त. पाणी आधी उकळून, निववून, वरचं वर काढून घेतलं. तळाशी पांढरी भुकटी बसली होती, ती तशीच टाकली. त्यात मीठ घालून दाणे भिजवले, तिन्ही वेगळे. गणंग वेचले. मग उरलेल्या उकळलेल्या पाण्याचं आधण, मोठी उकळी, मग बारीक आच. टोमॅटो, लिंबू काहीही नाही.

वाटाणे सगळ्यात आधी झाले, चणे त्यानंतर, दोन्ही अख्खे आणि बोटचेपे. अगदी मला हवे तसे! राजम्याचे मात्र दोन गट पडले. काही दाणे सुंदर, काही अजून आतून खडूसारखे. रंगातही फरक आहे, कडक राहिलेले जरा काळपट. एकाच पातेल्यात, एकाच आचेवर.

अणुरेणू
काळपट ते जुने. साठवणीत राजम्याचा रंग गडद होत जातो. जुन्यावर नवा ओतल्याने हे होणारच. नवे शिजतात तोवर जुने अर्धे कच्चे, जुने शिजेपर्यंत नव्यांचा लगदा. डबा रिकामा होऊन पुसून कोरडा झाल्याशिवाय नवा पुडा ओतायचा नाही. आणि डबा शेगडीच्या वरच्या फळीवर असेल तर हलवा. रोजची वाफ आणि ऊब, दाणा म्हातारा करायला याहून चांगली जागा नाही.

पाणी उकळून घेतलंत ते उत्तम, पण त्याने जडपणाचा एक भागच खाली बसतो. काही क्षार उकळूनही पाण्यातच राहतात. फिल्टरचं, क्षार काढलेलं पाणी मिळत असेल तर निदान शिजवायला ते वापरा.

मंद_आच
शेगडीच्या वरच्याच फळीवर आहे. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात डोकावताय का?

या काळपट दाण्यांचं आता काय करू?

कुकरवाली
कुकर!

पिकलं_पान
सोडा!

अणुरेणू
या वेळी दोघांचंही ऐका. पाव चमचा सोडा आणि कुकर. अख्खे राहतील अशी आशा ठेवू नका. मऊ झाले की सरळ मिक्सरमधून काढा आणि सूपला दाटपणा द्यायला वापरा. गढूळ चालणार नसेल तर ते वेगळं सूप समजा. कोरडे जुने दाणे दळून पीठ करून ठेवणारेही आहेत, पण राजम्याचं पीठ असेल तर तेही कच्चं वापरायचं नाही, पाण्यात कालवून चांगलं खळखळून उकळायचं.

टपोर_दाणा
माझा प्रश्न लहान आहे. दाणे शिजले हे ठरवता कसं? मी एक चाखतो, तो मऊ निघतो, बाकीचे दगा देतात.

शंभरदा_विचार
एकावर विश्वास ठेवू नका. पातेल्याच्या वेगवेगळ्या जागांतून पाच-सहा काढा. चमच्यात घेऊन फुंकर मारा, साल सुरकुतून सुटली तर जवळ आलंय. मग बोटांत दाबून बघा आणि शेवटी खाऊन. राजमा असेल तर खाण्याची पायरी अर्धा तास खळखळ उकळी झाल्यावरच. सगळ्यात कडक दाणा निघेल त्याचं ऐकायचं. पाचही मऊ असतील तेव्हाच टोमॅटो घालायचा. त्यानंतर मात्र निवांत, आंबटामुळे दाणे आता सहज फुटत नाहीत. तेवढ्यापुरतं टोमॅटो तुमच्या बाजूने असतो.

कुकरवाली
हे छान सांगितलंत. म्हणजे दाणा हवा तसा झाला की टोमॅटो घालायचा आणि मग सूप थोडं जास्त उकळलं तरी चालेल.

रात्रपाळी
अवांतर: दाणे जास्तीचे शिजवून ठेवले तर फ्रीझरमध्ये टिकतात का? आणि उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी चमचा उभा राहील इतकं का घट्ट होतं?

अणुरेणू
टिकतात. कोरडे ठेवू नका, त्यांच्याच शिजवलेल्या पाण्यात बुडालेले ठेवा, नाहीतर साल चिरते. डब्यात वर बोटभर जागा सोडा, पाणी गोठताना फुगतं. सूप घट्ट होतं ते स्टार्चमुळे. शिजताना दाण्यांतून रस्श्यात उतरलेला स्टार्च थंडीत पुन्हा जुळून बसतो. गरम करताना आधी हलवून सैल करा, लागेल तसं उकळतं पाणी घाला आणि मीठ त्यानंतर चाखा.